एका छपराखालचे दोन संगणक

सध्या पुष्कळ घरांतून एक चमत्कारिक प्रकार रोज घडत असतो. बाहेरच्या खोलीत एक संगणक असतो, आतल्या खोलीत दुसरा. दोहोंच्या मध्ये फार तर एक भिंत. बाहेरच्या संगणकावरचे छायाचित्र आतल्या संगणकावर हवे झाले, की मंडळी ते ई-मेलने पाठवतात, नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. म्हणजे ते छायाचित्र घराबाहेर पडते, रस्त्याखालच्या तारेतून कुठल्या तरी दूरच्या, कदाचित परदेशातल्या, मोठ्या संगणकात जाते आणि तिथून पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच जिन्याने वर येऊन शेजारच्या खोलीत दाखल होते. स्वयंपाकघरातून बैठकीत चहाचा कप न्यायचा, तर कोणी तो स्टेशनापर्यंत फिरवून आणत नाही! शिवाय या प्रवासात चहा थोडा सांडतोही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने पाठवलेले छायाचित्र आकसून पाठवले जाते आणि मूळ चित्रातला बारकावा मग परत मिळत नाही.

वस्तुतः एकाच घरातले दोन संगणक एकमेकांशी थेट बोलू शकतात आणि त्यासाठी लागणारे बहुतेक सामान आपल्या भिंतीवर आधीच टांगलेले असते. या सदरातून वर्षभर आपण घरातल्या नाना यंत्रांची पोटे उघडून पाहिली. दिवाळी अंकासाठी मुद्दाम हा विषय घेतला त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य देखभाल संपली आणि तेव्हापासून घरोघरी जुने संगणक कोपऱ्यात सरकत आहेत, नवे येत आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत जुने यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्याच्या पोटात काय काय आहे याची एकदा चौकशी व्हावी, एवढाच माझा हेतू.

आमच्याच घरची गोष्ट घ्या. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, संगणक २०११ सालचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घेतला आणि कचेरीत बसावे तसे रोज नेमाने त्याच्यापुढे बसू लागले. घराण्याची वंशावळ, नातलगांना लिहिलेली पत्रे, लग्नामुंजींची छायाचित्रे असा मोठा संसार त्याच्यात साठलेला. पण या साऱ्याहून मोलाचा ऐवज वेगळाच होता. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. अण्णांनी एक स्वस्तातला मायक्रोफोन आणला, दोन हिवाळे त्यांना समोर बसवले आणि ६४ ध्वनिमुद्रणे केली. सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यांचा आवाज त्या एका यंत्राखेरीज जगात कुठेही नव्हता. आणि यंदा श्रावणात त्या यंत्रातून टक् टक् असा आवाज येऊ लागला.

हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. जुन्या संगणकाच्या पोटात एक चकती मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी दांडी तरंगत असते. दांडीला आपली जागा सापडेनाशी झाली, की ती पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी परतते, तोच हा ठोका. हे दुखणे बरे होत नाही. कधी आठवडे काढते, कधी एक संध्याकाळही देत नाही.

कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "दोन दिवस मशीन ठेवून जा." अण्णांनी साफ नकार दिला. परदेशातल्या भाच्याने सल्ला दिला, "मामा, सगळे क्लाउडवर टाका." त्यावर अण्णा म्हणाले, "तिचा आवाज मी परक्याच्या माडीवर नेऊन ठेवायचा नाही." क्लाउडविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, माझी व्याख्यानांची टिपणे तिथेच असतात. पण म्हाताऱ्या माणसाची ही भावना मला गैर वाटली नाही. पेन ड्राइव्हचा मार्ग होताच, आणि थोडक्या सामानासाठी तो उत्तम. परंतु अण्णांच्या यंत्राची यूएसबीची भोके इतकी सैल झाली होती, की पेन ड्राइव्ह अर्ध्या कामात सुटे. उरला एकच मार्ग. अण्णांचे यंत्र आणि माझ्या टेबलावरचा नवा लॅपटॉप यांची घरातल्या घरात गाठ घालून देणे.

याला इंग्रजीत नेटवर्क म्हणतात आणि आपण भाबडेपणाने 'जाळे' म्हणतो. मराठीची अध्यापिका म्हणून मला हा शब्द येथे खटकतो. जाळ्यात कोणी तरी अडकावे लागते. दोन संगणकांमध्ये जाळे कसले, एक धागा असतो. असो.

या धाग्याचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात झाला. तिथल्या मंडळींना आपले संगणक एकमेकांना आणि एका नव्या छपाईयंत्राला जोडायचे होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहून त्याची रीत मांडली, डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली आणि तिला 'ईथरनेट' नाव दिले. ईथर म्हणजे प्रकाशाच्या लाटा ज्यातून वाहतात असे जुने शास्त्रज्ञ मानत ते अदृश्य तत्त्व. १८८७ सालच्या मायकेल्सन आणि मोर्ली यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही, आणि पुढे भौतिकशास्त्राने ते निकालात काढले. शास्त्राने घराबाहेर काढलेला शब्द या लोकांनी सन्मानाने घरात घेतला! आज तुमच्या राऊटरच्या पाठीमागे जी चौकोनी भोके दिसतात, ती या ईथरनेटचीच.

राऊटर म्हणजे ती दोन-तीन शिंगांची पेटी. बहुतेक घरांत समज असा, की ही पेटी म्हणजे इंटरनेट. खरे पाहता तिची कामे दोन आहेत. घरातल्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी जोडणे हे एक, आणि त्यांना आपसात जोडणे हे दुसरे. पहिले काम बंद पडले तरी दुसरे चालू राहते. आमच्याकडे बाहेरून काचेची तार येते ती एका लहान पेटीत, आणि त्या पेटीतून एक वायर राऊटरमध्ये जाते. ही मधली वायर मी सरळ काढून ठेवली. अण्णांच्या यंत्रावर विंडोज ७ आहे. त्याची देखभाल जानेवारी २०२० मध्येच थांबली. तेव्हा असे यंत्र उघड्या जगाशी जोडण्यात शहाणपण नाही. लॅपटॉपने लगेच 'इंटरनेट नाही' अशी तक्रार मांडली. ती मनावर घेऊ नये. दोन्ही यंत्रे राऊटरशी जोडलेलीच होती आणि आपल्याला त्याहून अधिक काही नको होते. (ज्यांच्याकडे दोन्ही पेट्या मिळून एकच असते, त्यांनी काचेच्या तारेला हात लावू नये, ती नाजूक असते.)

आता वायर. दुकानात जाऊन 'लॅन केबल, कॅट सिक्स' एवढे म्हटले की पुरे. वाय-फायने हे काम होत नाही असे नाही, पण भिंती आड आल्या की त्याचा दम सुटतो, आणि दुखणाईत यंत्राबरोबर काम करताना वेळ फार मोलाचा. या केबलच्या पोटात ८ तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ दिलेला. हा पीळ शोभेसाठी नव्हे. शेजारून विजेची तार गेली, तर तिचा उपद्रव पिळामुळे जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो. आणि पलीकडचे यंत्र दोन तारांतला फरक तेवढा वाचत असल्याने सारखा उपद्रव वजा होऊन जातो. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, १८८१ सालच्या पेटंटातली. बारीक अंगाच्या नव्या लॅपटॉपांना केबलचे भोक नसते. त्यासाठी यूएसबीला लावायचा एक जोड मिळतो, तो आणावा लागला. एका टोकाला अण्णांचे यंत्र, दुसऱ्याला लॅपटॉप, मध्ये राऊटर. दोन्ही भोकांपाशी हिरवा-पिवळा दिवा लुकलुकू लागला, म्हणजे तारेपुरते काम झाले.

परंतु तार जोडली म्हणजे ओळख झाली असे नाही. प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. हे पत्ते राऊटर आपणहून वाटतो, आणि ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. आता कोणी विचारील, शेजाऱ्याच्या घरीही १९२.१६८ च दिसते, मग घोटाळा होत नाही का? होत नाही. गिरगावातल्या प्रत्येक चाळीत बारा नंबरची खोली असतेच की! चाळीच्या आत 'बारा नंबरवाले' म्हटले की काम भागते. पोस्टमनला मात्र चाळीचे नाव लागते. घरगुती वापरासाठी काही आकडे १९९६ साली असेच कायमचे राखून ठेवले गेले. ते बाहेरच्या रस्त्यावर चालत नाहीत, आणि म्हणूनच घरात कोणीही निर्धास्तपणे वापरावेत.

राऊटर मुळीच नसेल, तर एकच केबल दोन्ही यंत्रांना थेट लावूनही हे साधते. पूर्वी त्यासाठी आतल्या तारांची अदलाबदल केलेली निराळी केबल लागे; हल्लीची यंत्रे ती अदलाबदल स्वतःच करून घेतात. पत्ते वाटायला कोणी नसल्याने ते हाताने लिहावे लागतात. एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ आणि दोघांनाही २५५.२५५.२५५.०, एवढे पुरते. न लिहिल्यास यंत्रे थोडी वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपल्या मनाने घेतात. राऊटरला जोडलेल्या यंत्रावर मात्र हा आकडा दिसला, तर समजावे, की त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही.

ओळख पटली का, हे पाहण्याची रीत मला फार आवडते. लॅपटॉपवर 'पिंग' असा हुकूम इंग्रजी लिपीत टाईप करून पुढे दुसऱ्या यंत्राचा पत्ता लिहायचा. दारावर टकटक करावी, आतून 'ओ' यावी, तसे उत्तर येते, आणि ते किती वेळात आले हेही दिसते. माइक म्यूस नावाच्या गृहस्थांनी १९८३ च्या डिसेंबरात हा लहानसा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी शोधताना पाण्यात सोडलेल्या ध्वनीच्या आवाजावरून त्यांनी त्याला नाव दिले. अण्णांच्या यंत्राने पहिल्यांदा ओ दिली नाही. याचा अर्थ तार बिघडली असा लगेच घेऊ नये. विंडोज प्रत्येक जोडणीला विचारते, ही जागा घरची की सार्वजनिक? सार्वजनिक म्हटले, तर ते दार लावून गप्प बसते. आणि स्टेशनावरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायवर ते तसेच हवे. घरात मात्र दोन्ही यंत्रांना 'घर' अथवा 'खाजगी' असे सांगावे लागते. ते सांगताच पिंगला उत्तर आले, एका मिलिसेकंदाच्या आत.

यापुढचा भाग यंत्राचा कमी आणि माणसांचा अधिक. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. म्हणाले, "सूनबाई, आता माझा सगळा संगणक उघडा करणार की काय तू?"

"सगळा नाही, अण्णा. तुम्ही बोट दाखवाल तेवढाच फोल्डर."

हे खरेच तसे असते. एका फोल्डरवर शेअरची खूण केली, की तेवढाच दुसऱ्या यंत्राला दिसतो. बाकीचे घर बंद. आणि त्यातही 'केवळ वाचण्यापुरते' अशी अट घालता येते. मग पलीकडचा माणूस पाहील, ऐकेल, उतरवून घेईल, पण पुसू शकणार नाही. चुकून मूळच पुसले जाण्याची धास्ती ज्याला आहे त्याने ही अट घालावीच. अण्णांनी ओव्यांचा फोल्डर दाखवला, मग छायाचित्रांचा, मग पत्रांचा, मग वंशावळीचा. एका फोल्डरवरून त्यांचे बोट पुढे सरकले. "ही रोजनिशी. ती राहू दे तिथेच." चकती ठोके देते आहे, हे त्यांना ठाऊक होते. मी पुढे काही विचारले नाही.

मग नवी अडचण. अण्णांच्या यंत्राला परवलीचा शब्द नव्हता. "माझ्याच घरात मला कुलूप कशाला?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण विंडोजचा नियम असा, की ज्या खात्याला परवलीचा शब्द नाही त्यात समोर बसून शिरता येते, तारेवरून नाही. शेवटी त्यांनी विचार करून एक शब्द ठेवला. कोणता ते मला सांगितले, तुम्हांला सांगत नाही. येथे पुष्कळ लोक तासन्‌तास अडून बसतात, म्हणून स्पष्ट लिहिते. लॅपटॉप जे नाव आणि जो शब्द विचारतो, तो ज्या यंत्राकडे जायचे आहे त्याचा, हातातल्या यंत्राचा नव्हे. आणि रोजचा चार आकडी पिन येथे चालत नाही. तसेच 'नेटवर्क' या यादीत दुसरे यंत्र दिसले नाही म्हणून खचून जाऊ नये. ती यादी लहरी आहे. फोल्डरच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन पुढे त्या यंत्राचा पत्ता लिहावा, म्हणजे दार उघडते.

उघडले. लॅपटॉपच्या पडद्यावर अण्णांच्या फोल्डरांची नावे ओळीने आली. प्रथम ओव्या घ्यायच्या, हे ठरलेलेच होते. मरणाऱ्या चकतीवरून सामान काढताना जे पुन्हा मिळणार नाही ते आधी काढावे. लग्नातली छायाचित्रे दहा नातेवाइकांकडे सापडतात. शिवाय 'हलवणे' नव्हे, 'प्रत घेणे' निवडावे.

वेगाचा हिशेब थोडा सांगते, कारण त्यात फसगत होते. आमच्या राऊटरची भोके १०० मेगाबिटांची. हे ऐकून सेकंदाला १०० मेगाबाइट सामान येईल अशी आशा धरू नये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभराला आठाने भागायचे. उरतात साडेबारा, आणि जकातटोल जाऊन हातात सुमारे ११. म्हणजे ४० गिगाबाइट छायाचित्रांना चांगला तासभर. नव्या राऊटरांची भोके याच्या दसपट वेगाची असतात. तिथे जुनी चकतीच मागे पडते.

या कामासाठी विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' नावाचा एक हुकूम असतो. तो कष्टाळू आहे. अर्ध्यावर थांबला, तर पुन्हा सांगताच उरलेले तेवढेच उचलतो, आणि शेवटी किती आले, किती राहिले याचा जमाखर्च देतो. मात्र स्वभावाने हट्टी. एखादी फाइल वाचता आली नाही, तर कोणी काही न सांगितल्यास तो ती दहा लाख वेळा पुन्हा मागतो, दर वेळी ३० सेकंद थांबून! हिशेब केला तर हे सुमारे ३४७ दिवस होतात. पुढची दिवाळी जवळ येईल. तेव्हा एकदाच पुन्हा विचार आणि पुढे चल, असे त्याला आधी बजावावे लागते.

पत्रे आली तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांची सारी पत्रे नव्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता कचरा दिसत होती. प्रवासात काही बिघडले नव्हते. जुने मराठी फॉन्ट एक सोंग करीत. आत साठवायचे इंग्रजी अक्षराचा क्रमांक आणि वर चित्र काढायचे 'क'चे वा 'म'चे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सोंग उतरते आणि आतले इंग्रजी उघडे पडते. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारे युनिकोड १९९१ पासूनचे आहे, पण आपल्या घरांत आणि छापखान्यांत ते रुळायला फार वर्षे गेली. म्हणून जुन्या संगणकावरून मराठी मजकूर आणताना त्याचा फॉन्टही, परवाना असेल त्याप्रमाणे, बरोबर आणावा. अण्णांचा फॉन्ट आणला आणि मंगळवेढ्याच्या आत्याबाईंना लिहिलेले सांत्वनाचे पत्र पुन्हा मराठी झाले. माझ्या पिढीतल्या किती लेखकांची हस्तलिखिते असल्या सोंगाआड कायमची बंद झाली असतील, हा विचार त्या क्षणी मनात आला. त्यावर कधी तरी स्वतंत्र लिहावे लागेल.

काम झाल्यावर मी अण्णांच्या यंत्रावरची शेअरची खूण काढून टाकली, केबल सोडवली आणि मगच बाहेरची वायर राऊटरला परत लावली. लॅपटॉपवरच्या प्रतीची आणखी एक प्रत सुट्या डिस्कवर करून ती गोदरेजच्या कपाटात ठेवली आहे. आता मुलीलाही आजीच्या ओव्या हव्या आहेत, तेव्हा लॅपटॉपवरचा तो फोल्डर तिच्या संगणकाला याच पद्धतीने, 'केवळ वाचण्यापुरता', उघडून दिला आहे.

रोबोकॉपीच्या जमाखर्चात ओव्यांच्या ६४ पैकी ६३ आल्या होत्या. राहिलेल्या एकीपाशी चकती अडून बसते आणि ठोके जोराने पडतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा यत्न करणे म्हणजे उरलेसुरलेही खरवडून काढणे. म्हणून यंत्र बंद करून, वायर काढून, चादरीखाली ठेवले आहे. अशा चकत्या धूळविरहित खोलीत उघडून आतले वाचून देणारे लोक मोठ्या शहरांतून असतात. त्यांच्याकडे पाठवायची, तर चकती घराबाहेर जाणार, आणि रोजनिशीही तिच्यातच आहे. अण्णांनी अद्याप काही ठरवलेले नाही.